दोन्या डोमितिलाचे चाळीस वाडगे

१९०८ साल कशासाठी लक्षात ठेवायचं, यावर आमच्या युराकरूमीत कधीच एकमत झालं नाही. शाळेच्या पुस्तकात छापलंय की त्या वर्षी समुद्रकाठच्या ग्वायाकिलहून निघालेली आगगाडी डोंगर चढून पहिल्यांदा कितोला पोचली आणि राजधानीत दोन दिवस लोकांनी टोप्या उडवल्या. पाद्रीबाबा म्हणायचे, देवळाच्या घंटेला तडा गेला ते साल. डोमितिला तापियाला, जिला सगळे मानानं दोन्या म्हणत, विचारलं तर ती ओले हात झग्याला पुसत म्हणायची, "आठ साल? माझे वाडगे गेले ते साल." मग विचारणाऱ्याचं तोंड बघून, वाटलं तरच पुढचं सांगायची.

लाताकुंगाहून कितोकडे जाणारा रस्ता जिथे शेवटची मोठी चढण चढतो, तिथे तिचा तांबो होता. तांबो म्हणजे एक लांबलचक ओसरी, मागे खेचरांचं कुंपण, आणि मधोमध चूल. समोर कोतोपाक्सीचा डोंगर, आणि त्याच्यावरून येणारं वारं असं की कान आहेत की गेले ते चाचपून बघावं लागे. किनाऱ्यावरून मीठ, साखर, पियानो, आरसे घेऊन येणारे खेचरवाले त्या चढणीवर अर्धमेले होऊन पोचायचे. डोमितिला त्यांच्या हातात लोक्रोचा वाडगा द्यायची. बटाटे पार विरघळेपर्यंत शिजवलेला, वर चीज घातलेला तो दाट रस्सा पोटात गेला की माणूस पुन्हा माणसात यायचा.

भिंतीवर चाळीस खिळे होते आणि त्यांना चाळीस वाडगे. पुहिलीच्या कुंभारांनी केलेले, हिरव्या झिलईचे. दोन घरचे, तिचा आणि नवऱ्याचा. उरलेले अडतीस नेहमीच्या खेचरवाल्यांचे. प्रत्येकानं आपल्या वाडग्याच्या बुडाला खिळ्यानं खूण कोरून ठेवली होती. कुणाचा नाल, कुणाचा मासा, कुणाच्या तीन रेघा. दुसऱ्याच्या वाडग्यात जेवलं म्हणून एकदा दोघांचे दात पडले होते.

अर्धचंद्राची खूण होती इलारिओनची. हा धिप्पाड गडी सोळा वर्षं तांबोवर येत होता आणि सोळा वर्षं पहिला चमचा तोंडात गेला की एकच वाक्य बोलत होता.

"दोन्या, मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे. तुझी जीभ गेलीय," ती म्हणायची.

मग इलारिओन मुकाट्यानं तीन वाडगे हाणायचा. डोमितिलाशी असं तोंड चालवायची छाती गावात दोघांचीच होती. दुसरा होता असेन्सिओ, आमचा जोडे शिवणारा उस्ताद, म्हणून माएस्त्रो. त्याची जीभ त्याच्या आरीपेक्षा धारदार होती. दर वर्षी एकतीस डिसेंबरला गावच्या चौकात पेंढ्यानं भरलेलं बाहुलं म्हातारं वर्ष म्हणून खुर्चीत बसवतात, त्याचं मृत्युपत्र वाचतात आणि मग त्याला जाळतात. ते मृत्युपत्र असेन्सिओ लिहायचा. वर्षभरात कुणाची कशी फजिती झाली ते सगळं त्यात यायचं. नोव्हेंबर लागला की त्याच्या दुकानात लोक उगाच मध, अंडी घेऊन डोकावू लागत.

आठ सालच्या जानेवारीत रूळ लाताकुंगापर्यंत आलेलेच होते. डोमितिलाचा नवरा निकानोर स्वतःही खेचरं हाकायचा; त्याला डिसेंबरपासून एक गोणीही वाहायला मिळाली नव्हती. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणादिवशी, जेवण झाल्यावर त्यानं विषय काढला.

"खाली किनाऱ्याकडे, नारांहितोला, माझा मावसभाऊ कोकोच्या मळ्यावर मुकादम आहे. ये म्हणतो. तिकडे ऊब असते डोमी. बायका नुसत्या सुती झग्यात फिरतात."

"तुला बायकांचे झगे बघायला जायचंय होय?"

"मला जगायला जायचंय. गाडी सुरू झाली की या चढणीवर कुत्रं यायचं नाही. तांबो विकू."

डोमितिलानं चुलीत एक लाकूड सारलं. त्या चुलीपाशी तिची आई मेली होती आणि तिथेच ती स्वतः जन्मली होती. पण हे बोलून नवरे ऐकत नाहीत हे तिला ठाऊक होतं.

"गाडीत माणसंच बसणार ना? की बटाट्याची पोती? माणसांना भूक लागते. वर्ष दे मला. एकतीस डिसेंबरपर्यंत गाडीनं आपल्याला पोसलं तर आपण इथंच. नाहीतर तू म्हणशील तिथे येईन, सुती झगा घालून."

निकानोर हसला. सौदा ठरला.

मार्च लागता लागता कार्निव्हलला रूळ टाकणारी टोळी गावात शिरली. त्यात जमैकाचे मजूर बरेच. आमच्या पोरींनी रिवाजाप्रमाणे त्यांच्यावर पाणी, पीठ आणि अंडी फेकली. त्या बिचाऱ्यांना वाटलं गाव उठलं आपल्यावर. ते टेकडीवर पळाले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं, तसे ते कामाच्या इंजिनाची पाण्याची नळी घेऊनच आले आणि त्यांनी पाद्रीबाबांसकट अख्खं गाव भिजवलं. घंटेला तडा गेला तो त्याच धावपळीत, पण पाद्रीबाबा ते कबूल करत नाहीत.

मे महिन्यात खेचरवाल्यांच्या शेवटच्या फेऱ्या झाल्या. एकेक जण जनावरं विकून मोकळा होत होता. इलारिओन आला तेव्हा त्याच्याजवळ एकच खेचर उरलं होतं. त्यानं लोक्रो खाल्ला, मीठ कमी आहे म्हणाला, वाडगा धुतला, स्वतःच्या हातानं खिळ्याला लावला आणि निघून गेला. एकच वाडगा खाल्ला त्यानं त्या दिवशी. डोमितिला रात्रभर म्हणत होती, खरंच कमी होतं की काय.

आणि मग जूनच्या अखेरीला गाडी सुरू झाली. आमच्या ओढ्याचं पाणी इंजिनाला मानवलं, म्हणून ती युराकरूमीला सात मिनिटं थांबू लागली. बरोबर तांबोसमोर! डोमितिलाला वाटलं, देवानं स्वतः येऊन पाण्याची टाकी बसवली. पहिल्याच दिवशी ती भला थोरला हंडा घेऊन रुळांपाशी उभी राहिली. डब्यातली माणसं थंडीनं काकडलेली. खिडक्यांतून हात बाहेर आले, आणि तिनं हातांत वाडगे दिले.

आता लोक्रो म्हणजे काय चहा नव्हे. तो फुंकून, चमच्याचमच्यानं, जिभेला जपत खायचा. खेचरवाला त्याच्यापाशी तासभर बसायचा. शिट्टी झाली तेव्हा पाहुण्यांचे दोन दोन चमचे झाले होते. गाडी निघाली. अकरा वाडगे कितोला गेले.

निकानोरनं भिंतीवरचे रिकामे खिळे बघितले. "गेले."

"गेले कुठले? उद्या गाडी परत येते ना? येताना देतील," डोमितिला म्हणाली.

तिचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तिच्या उभ्या जन्मात जो माणूस चढून गेला तोच उतरून आला होता. शिवाय आमच्याकडे कुणाच्या घरचा वाडगा ठेवून घेत नाहीत, आणि परत करताना रिकामा तर मुळीच करत नाहीत. मूठभर भाजका मका का होईना, घालूनच देतात. हे न पाळणारी माणसं जगात असतील हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी उतरली. डोमितिला खिडक्या खिडक्यांतून विचारत फिरली, "माझे वाडगे?" आत सगळी निराळीच माणसं. एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "कसले वाडगे, बाई? वास मात्र छान येतोय. आहे का थोडं?"

आणि तिनं त्यांनाही वाढलं! आता याला काय म्हणावं? भुकेल्याला नाही म्हणायला तिचं तोंड उघडत नव्हतं. नऊ वाडगे ग्वायाकिलकडे गेले. असं आठवडाभर चाललं. शनिवारी भिंतीवर दोनच वाडगे उरले, तिचा आणि निकानोरचा.

"छान. दोघांचं सामान बांधायला सोपं," निकानोर म्हणाला.

माएस्त्रो असेन्सिओ मुद्दाम चौकातून चालत आला. ओसरीवर बसला, खिळे मोजले, आणि खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेतलं.

"काय लिहिताय, माएस्त्रो?"

"काही नाही, दोन्या. म्हातारं वर्ष मरणार ना डिसेंबरात. त्याची इस्टेट मोजतोय." मग त्याला तिची जरा दया आली असावी. "मी म्हणतो, पानात बांधून का नाही देत काही? कर्दळीच्या पानात तामाल. खाल्लं, पान फेकलं, संपलं."

डोमितिलाचा पारा चढला. "पानात बांधून दिलेलं अन्न म्हणजे काय ते ठाऊक आहे तुम्हाला? चालता हो म्हणायची रीत आहे ती. वाडगा दिला म्हणजे बस म्हटलं. माझ्या आईनं या दारात कुणाला पान दिलं नाही."

"पण त्यांना बसायचंच नाहीये, दोन्या."

तिनं त्याला हाकलून दिलं.

जुलै आणि ऑगस्टभर ती अडून बसली. शेवटी सप्टेंबरात, पीठ संपत आल्यावर, तिनं खालच्या खोऱ्यातून कर्दळीची पानं मागवली आणि मक्याच्या पिठात डुकराचं मटण भरून तामाल उकडले. खिडक्यांवर झुंबड उडाली. सात मिनिटं हवीत कशाला, चार मिनिटांत टोपली रिकामी. नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसापर्यंत ती आणि निकानोर पहाटेपासून तामालच बांधत होते. कितोच्या बायका म्हणे गाडीत बसतानाच विचारू लागल्या, युराकरूमी कधी येणार?

म्हणजे पैज डोमितिलानं जिंकली होती. गाडीनं पोसलं होतं, आणि पोसलं म्हणजे अंगावर चढेल असं पोसलं होतं. निकानोरच्या कमरेचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला होता. पण घरात आनंद काही दिसेना. गाडी गेली की रुळांपाशी कर्दळीची पानं उडत राहायची आणि ओसरीवर वारं. निकानोर गप्पिष्ट माणूस. एकोणीस वर्षं त्यानं घरी असेल त्या संध्याकाळी दहा-वीस खेचरवाल्यांना त्याच त्याच थापा मारल्या होत्या. आता तो त्याच थापा आपल्या म्हाताऱ्या खेचराला सांगायचा.

डिसेंबरच्या मध्यावर एकदा पान बांधता बांधता तो म्हणाला, "तू जिंकलीस, डोमी. मी शब्द फिरवत नाही. पण खरं सांगू? पोट भरतंय आणि घर खायला उठतंय. इथे आता कुणी बसत नाही. मळ्यावर निदान चार माणसं तरी असतील."

त्याला वाटलं ती भडकेल. तिनं हातातल्या पानाची गाठ मारली, दुसरं पान घेतलं.

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं करू."

निकानोर घाबरला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. पण बोलणं झालं ते झालं. जानेवारीत निघायचं ठरलं, मावसभावाला निरोप गेला.

एकतीस डिसेंबरला दुपारी आख्खं गाव रुळांपाशी जमलं, कारण चौकापेक्षा आता तीच जागा मोठी झाली होती. म्हातारं वर्ष खुर्चीत बसलं होतं. त्या साली असेन्सिओनं त्याला खेचरवाला केलं होतं, हातात चाबूक, डोक्यावर फेल्टची टोपी. डोमितिलानं त्याच्या अंगावरचा पोंचो, डोक्यातून घालायची ती लोकरी घोंगडी, पाहिला आणि ओळखला. लाल, काळ्या काठाचा. लग्नाच्या वर्षी तिनंच विणलेला. निकानोरनं देऊन टाकला होता जाळायला. किनाऱ्यावर पोंचो काय करायचा!

निकानोर स्वतः शेजारी उभा होता, काळा झगा आणि डोक्यावर शाल घेऊन. म्हाताऱ्या वर्षाची विधवा दर वर्षी तोच व्हायचा, मिशीसकट. त्याचं रडणं ऐकायला शेजारच्या गावांतून लोक येत. त्या वर्षी तो इतका मनापासून रडत होता की लोकांची हसून पुरेवाट झाली. डोमितिला तेवढी हसत नव्हती.

असेन्सिओनं घसा खाकरला. "मी, वर्ष एकोणीसशे आठ, हाडं खिळखिळी पण डोकं ठिकाणावर असताना लिहून देतो की, पाद्रीबाबांना मी तडकलेली घंटा ठेवतो, म्हणजे तिचा आवाज आणि त्यांचा आवाज कुणाला वेगळा ओळखू येऊ नये. गावच्या कारभाऱ्यांना कचेरीत वर्षभराचं काम उरकायला सात मिनिटं ठेवतो. त्यातली पाच उरतील. आणि दोन्या डोमितिलाला—"

सगळे तिच्याकडे वळले. तिनं हनुवटी वर केली. आता होऊन जाऊ दे.

"दोन्या डोमितिलाला मी अडतीस खिळे ठेवतो—"

तेवढ्यात शिट्टी झाली. कितोची गाडी उतरत होती. असेन्सिओ वैतागून थांबला. इंजिन पाण्याच्या टाकीखाली लागलं, आणि शेवटच्या डब्यातून माणसं उतरू लागली. पाठीवर गोण्या, अंगात रेल्वेच्या हमालाचे निळे डगले. पहिला खाली उतरला तेव्हा डबा एका बाजूनं वर झाला म्हटलं तरी चालेल. इलारिओन.

"दोन्या," तो म्हणाला, "त्या कितो स्टेशनावर एक कुत्रं आहे. मरतुकडं, एका कानाचं. ऑक्टोबरात मी बघतो तर ते जेवतंय. हिरव्या वाडग्यात! उलटा करून बघितला तर बुडाला अर्धचंद्र. माझा वाडगा, आणि कुत्रं जेवतंय!"

"मग काय केलंस?" कुणीतरी विचारलं.

"भांडलो त्याच्याशी. मग सगळं स्टेशन पालथं घातलं. झाडूवाल्यांनी बाकांखालून गोळा करून ठेवले होते. कुणी दिव्याचं तेल ठेवतो, कुणी खिळे. कुणाचे म्हणून कुणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं ना!" त्यानं मागच्यांकडे हात केला. नाल, मासा, तीन रेघा, सगळ्या खुणांचे धनी उभे होते. खेचरं विकून सगळे रेल्वेतच चिकटले होते, कोणी हमाल, कोणी गाडीच्या ब्रेकवर. "ब्रेकवाल्यांनी ग्वायाकिलकडचे आणले. सात फुटले, दोन्या. एकतीस आहेत."

गोण्या उघडल्या. आमच्याकडे वाडगा रिकामा परत करत नाहीत. एकात मनुका, एकात वाटाणा, एकात गूळ, एकात पेंढ्यात बसवलेली अंडी, त्यातलं एकही फुटलेलं नाही. माशाच्या खुणेवाल्यानं कोकोच्या बिया आणल्या होत्या. एका वाडग्यात केळी होती आणि चिठ्ठी, ती असेन्सिओनं वाचून दाखवली: "बाई, चष्मा लावून सुद्धा मला परत द्यायचं सुचलं नाही. क्षमा करा. रस्सा उत्तम होता."

इलारिओननं आपला वाडगा सगळ्यांत शेवटी काढला. दोन्ही हातांत धरून तिच्यापुढे केला. काठोकाठ भरलेलं पांढरं मीठ.

तिनं वाडगा घेतला, नाकानं जोरात श्वास ओढला आणि म्हणाली, "सोळा वर्षं घातलीस हे कळायला की स्वतःच आणावं."

इंजिनाचं पाणी भरून झालं. शिट्टी वाजली. गावातल्या सगळ्यांनी सवयीनं त्या माणसांकडे बघितलं, आता धावतील म्हणून. कुणी हललं नाही.

"गाडी चालली की!" निकानोर ओरडला.

"जाऊ दे. उद्या दुसरी आहे," इलारिओन म्हणाला आणि जाऊन ओसरीवर आपल्या जागी बसला. त्याच्यामागे बाकीचे बसले. "रेल्वेच्या माणसाला तिकीट लागत नाही, कळलं का? सुट्टी असली की येत जाऊ. लोक्रो आहे की नुसती पानं?"

डोमितिला चुलीकडे धावली. त्या वयात धावताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. निकानोर रुळांपाशी तसाच उभा होता, काळ्या झग्यात, मिशीवर आसवं. मग तो खुर्चीकडे वळला आणि म्हाताऱ्या वर्षाच्या डोक्यावरून पोंचो ओढून काढू लागला.

"अरे ए विधवे! मेलेल्याचे कपडे काढतेस? मृत्युपत्र अजून संपलेलं नाही!" असेन्सिओ ओरडला.

"थंडी वाजतेय मला," निकानोर म्हणाला. "इथे हिवाळे काढायचेत अजून." पोंचो झग्यावरच चढवून तो ओसरीवर गेला, इलारिओनला जरा सरक म्हणाला, आणि बसायच्या आत त्यानं एक थाप सुरूही केली होती.

असेन्सिओनं कागदावर पेन्सिलनं एक शब्द खोडला, एक लिहिला. "दोन्या डोमितिलाला मी सात खिळे ठेवतो," त्यानं वाचलं, आणि उरलेलं मृत्युपत्र खिशात घालून तोही जेवायला गेला. त्या साली म्हातारं वर्ष अंधार पडता पडता नुसत्या सदऱ्यावर जळलं. बघायला फारसं कुणी नव्हतंच. सगळं गाव ओसरीवर होतं.

तिथे वाडगे फिरले. अर्धचंद्राच्या वाडग्यातलं मीठ मडक्यात ओतून, वाडगा पुसून, डोमितिलानं तो भरला आणि स्वतः आणून दिला. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. इलारिओननं फुंकर घातली, एक चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले.

"दोन्या," तो म्हणाला, "मीठ जास्त झालंय."